वाफेच्या आगगाडीचे चित्रपुस्तक वर्गात कसे वापरावे : तयारी, टप्पे आणि नेहमीच्या चुका

वाफेच्या आगगाडीचे चित्रपुस्तक वर्गात बहुधा पंधरा मिनिटांत संपते आणि तिथेच ते वाया जाते. शिक्षक पुस्तक उघडतात, मजकूर मोठ्याने वाचतात, मधूनमधून 'हे काय आहे?' असे विचारतात, मुले 'इंजिन!' म्हणून ओरडतात आणि शेवटी सगळा वर्ग एकमेकांचे खांदे धरून झुकझुक करत बाकांभोवती फेरी मारतो. मुलांना मजा येते, यात वाद नाही. परंतु दुसऱ्या दिवशी 'ती गाडी कशाने चालत होती?' असे विचारले की उत्तर येते 'धुराने'. मी हे पुस्तक पहिल्यांदा वर्गात नेले, तेव्हा मलाही हेच उत्तर मिळाले होते आणि गोव्यातील मराठी प्राथमिक शाळांतले सहकारी आजही तीच तक्रार करतात. दोष पुस्तकाचा नसतो, मुलांचाही नसतो. टप्प्यांचा क्रम चुकलेला असतो.

खालील आखणी पहिली ते चौथीसाठी आहे. प्रत्येकी पस्तीस मिनिटांच्या पाच तासिका धराव्यात आणि त्या शक्यतो एकाच आठवड्यात घ्याव्यात. पहिली ते चौथीची मुले एकाच खोलीत बसत असतील, तरी हाच क्रम ठेवावा. कामाची वाटणी तेवढी बदलते आणि ती त्या त्या टप्प्यात सांगितली आहे.

तयारी : पुस्तक आधी स्वतः तपासावे

वर्गात नेण्यापूर्वी पुस्तक तीन वेळा पाहावे. पहिल्या वेळी मजकूर कागदाच्या पट्टीने झाकून केवळ चित्रे पाहावीत. गोष्ट नुसत्या चित्रांवरून कुठवर कळते आणि कुठे अडते, याची नोंद करावी. दुसऱ्या वेळी मजकूर वाचून कठीण शब्दांखाली शिसपेन्सिलीने बारीक खूण करावी. तिसऱ्या वेळी चित्रांतल्या चुका शोधाव्यात. हे काम बहुतेक जण टाळतात आणि मग एखादे चौकस मूल भर वर्गात अडवते.

चित्रकार सुंदर चित्र काढतो, पण त्याने इंजिन जवळून पाहिलेले असतेच असे नाही. म्हणून पुढील गोष्टी नेमक्या पाहाव्यात. गाडी पुढे धावत असताना धूर मागे जाताना दाखवला आहे का? मोठी चाके एकमेकांना दांड्याने जोडलेली आहेत का? कोळसा आणि पाणी ठेवण्याची जागा, म्हणजे इंजिनामागचे टेंडर किंवा बॉयलरच्या (पाणी उकळून वाफ करणाऱ्या बंद टाकीच्या) दोन्ही बाजूंच्या टाक्या, दिसते का? चालक कुठे उभा आहे? कोकण रेल्वेवर आणि वास्को-मडगाव मार्गावर आपली मुले जी इंजिने पाहतात, त्यांत चालक पुढच्या काचेमागे दिसतो. वाफेच्या इंजिनात त्याची जागा बॉयलरच्या मागे असते आणि त्याला लांबलचक बॉयलरच्या कडेने वाकून पुढचा रूळ पाहावा लागतो. हा फरक मुलांना हमखास खटकतो, तेव्हा उत्तर तयार हवे.

चित्रात चूक सापडली, म्हणून पुस्तक बाजूला ठेवू नये. ती चूक वहीत टिपून ठेवावी. चौथ्या टप्प्यात ती फार उपयोगी पडते.

साहित्य थोडेच लागते : अरुंद तोटीची किटली, एक मेणबत्ती, एकसारख्या दोन स्टीलच्या ताटल्या, सुईशिवायच्या दोन प्लास्टिकच्या सिरिंज व त्यांना जोडणारी पातळ नळी, एक सायकल, ३७ सेंटिमीटर लांबीची सपाट फळी आणि एक खेळण्यातली गाडी. माध्यान्ह आहार आपल्याकडे बाहेरून शिजून येत असल्यामुळे शाळेत शेगडी असेलच असे नाही. ती सोय आदल्या दिवशी पाहून ठेवावी. विजेची किटली चालते, पण तिची तोटी रुंद असल्याने एक महत्त्वाची गोष्ट नीट दिसत नाही. ती पुढे येईल.

पडताळणी : पुस्तक मिटून आपल्याला 'कोळशापासून चाकापर्यंत' काय काय घडते हे पाच वाक्यांत सांगता येते का, ते पाहावे. येत नसेल, तर वर्ग दोन दिवस पुढे ढकलावा.

टप्पा १ : मजकुराशिवाय चित्रे (पहिली तासिका)

मुलांना अर्धवर्तुळात जमिनीवर बसवावे आणि स्वतः बुटक्या खुर्चीवर बसून पुस्तक आपल्या खांद्याच्या बाजूला, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर धरावे. पुस्तक मांडीवर ठेवून वाचणे आणि पान क्षणभर वर्गाकडे वळवणे ही सर्वांत सार्वत्रिक चूक आहे. त्यात शिक्षक चित्र पाहतात आणि मुले शिक्षकांना पाहतात. पंधराहून अधिक मुले असतील, तर दोन गट करावेत.

पहिल्या तासिकेत मजकुरातले एकही वाक्य वाचू नये. प्रत्येक पान उघडून मनातल्या मनात वीसपर्यंत आकडे मोजावेत आणि तोवर गप्प राहावे. ही शांतता सुरुवातीला अवघड वाटते. त्यानंतर दोनच प्रश्न विचारावेत : 'तुम्हांला काय दिसते?' आणि 'ते कशावरून म्हणता?' 'हे काय आहे?' हा प्रश्न टाळावा, कारण त्याचे उत्तर एका शब्दात संपते आणि ज्याला तो शब्द येतो त्याच्याकडेच सगळा वर्ग पाहू लागतो.

मुले कोकणीत बोलतील. बोलू द्यावे. आपल्याकडची बहुसंख्य मुले घरी कोकणी आणि शाळेत मराठी अशी जगतात, आणि याच टप्प्यावर 'मराठीत सांग' असे म्हटले की निरीक्षण थांबते व शब्दांची शोधाशोध सुरू होते. माझ्या वर्गात एका मुलीने इंजिनाच्या चित्राकडे बराच वेळ पाहून म्हटले, 'टीचर, हांगा दोन तरांचो धुंवर आसा.' चिमणीतून निघणारा काळपट लोट आणि चाकाजवळून निघणारा पांढरा फवारा यांतला फरक तिला दिसला होता, आणि पुढचे सगळे शिक्षण त्या एका वाक्यावर उभे राहिले. मी तिला मराठीत बोलायला लावले असते, तर तिने बहुधा 'धूर' एवढेच म्हटले असते.

मुले जे बोलतात ते फळ्यावर दोन स्तंभांत लिहावे : डावीकडे त्यांचा शब्द, उजवीकडे पुस्तकातला मराठी शब्द. धुंवर–धूर, उदक–पाणी, असे. उजवा स्तंभ तिसऱ्या टप्प्यात भरायचा असल्यामुळे आज तो रिकामा राहिला तरी चालेल.

सावधान : आगगाडीचे गाणे आज सुरू करू नये. गाणे सुरू झाले की चित्रे संपली, असे समजावे.

टप्पा २ : धूर आणि वाफ वेगळी करणे (दुसरी तासिका)

हा टप्पा मजकूर वाचण्याच्या आधी येतो, हे मुद्दाम सांगतो, कारण जवळजवळ सर्व जण तो शेवटी घेतात किंवा गाळतात. पुस्तकात पुढे 'वाफेच्या जोरावर' असे शब्द येणार असतात. वाफेला जोर असतो हे ज्या मुलाने पाहिलेलेच नाही, त्याच्यासाठी ते शब्द पोकळ राहतात.

खडूने जमिनीवर रेघ आखावी आणि मुलांना किटलीपासून किमान दोन मीटर मागे बसवावे. किटली केवळ शिक्षकांनीच हाताळावी. पाणी खळखळ उकळू लागले की तोटीच्या तोंडाजवळ नीट पाहायला सांगावे. तोटीतून बाहेर पडल्यावर बोटभर अंतर रिकामे दिसते आणि त्याच्यापुढे पांढरा ढग सुरू होतो. ती रिकामी दिसणारी जागा म्हणजे खरी वाफ. ती डोळ्यांना दिसत नाही. पांढरे दिसतात ते वाफ थंड होऊन बनलेले पाण्याचे बारीक थेंब असतात. बोलीत आपण त्या ढगालाच वाफ म्हणतो आणि तसे म्हणण्यास हरकत नाही. पण शिक्षकांना हा फरक ठाऊक असावा. रुंद तोटीच्या विजेच्या किटलीत हीच रिकामी जागा नीट दिसत नाही.

आता पहिली थंड ताटली चिमट्याने धरून पांढऱ्या ढगात न्यावी. दुसरी ताटली मेणबत्तीच्या ज्योतीच्या टोकाला क्षणभर लावावी. दोन्ही थंड झाल्यावर मुलांच्या हातात द्याव्यात. एकीवर पाणी, दुसरीवर काजळी. बोटे लावू द्यावीत, काळी होऊ द्यावीत. या दोन ताटल्या जे शिकवतात, ते कितीही समजावून सांगून शिकवता येत नाही. एका मुलाने ओल्या ताटलीचा वास घेऊन 'ह्या धुंवराक वासूच ना' असे म्हटले, तेव्हा मला वेगळे काही सांगावे लागले नाही.

वाफेचा जोर दाखवण्यासाठी घरचे उदाहरण पुरेसे आहे. गणेशचतुर्थीच्या सुमारास पातोळ्या उकडताना भांड्याचे झाकण थरथरते आणि खडखडते, हे बहुतेक मुलांनी पाहिलेले असते. झाकण कोण उचलते, एवढेच विचारावे. चौथीच्या मुलांना एक हिशेब द्यावा : पाण्याची वाफ झाली की तिला साधारण १,६०० पटींहून अधिक जागा लागते; म्हणजे ५ मिलिलिटरच्या चमचाभर पाण्याच्या वाफेला आठ लिटर, जवळजवळ अर्धी बादली जागा हवी. ती जागा मिळाली नाही, तर वाफ ढकलू लागते.

सावधान : किटलीची तोटी किंवा झाकण कोणत्याही कारणाने बंद करू नये. प्रेशर कुकर वर्गात आणू नये. कुकरचे उदाहरण तोंडी द्यावे; इंजिनाच्या बॉयलरमधला दाब त्याच्या दहापट आणि त्याहूनही अधिक असे, आणि म्हणूनच त्याला सुरक्षा झडपा असत, एवढे सांगितले की पुरते.

पडताळणी : पुस्तकातले कोणतेही एक पान उघडून 'इथे बोट ठेवले तर ओले होईल की काळे?' असे विचारावे. तीन-चतुर्थांश मुलांना उत्तर येईपर्यंत पुढे जाऊ नये.

चिमणीवर अडचण येते, ती अशी : तिथे दोन्ही असतात. दट्ट्या (पिस्टन, म्हणजे वाफेने पुढे-मागे सरकणारा भाग) ढकलून झाल्यावर वापरलेली वाफ चिमणीतूनच बाहेर सोडलेली असते आणि ती जाताना भट्टीतला धूर सोबत ओढून नेते, त्यामुळे भट्टीला नवी हवा मिळून आग धगधगत राहते. 'झुक' हा आवाज त्याच सुटणाऱ्या वाफेचा.

टप्पा ३ : मजकुराचे वाचन (तिसरी तासिका)

आता मजकूर वाचावा, आणि तो सलग, न थांबता, एकदाच. अर्थ सांगण्यासाठी मधे थांबल्यास गोष्टीची लय तुटते. गाडी पुलावर आहे आणि आपण 'पूल म्हणजे काय' सांगत आहोत, असे होते. दुसऱ्या वाचनात थांबावे आणि फळ्यावरचा उजवा स्तंभ मुलांकडून भरून घ्यावा. बहुवर्गी खोलीत दुसरे वाचन चौथीच्या मुलांनी पहिलीच्या मुलांसाठी करावे. त्यांना आदल्या दिवशी पुस्तक घरी द्यावे.

पुस्तक इंग्रजी असेल, तर वाचता वाचता भाषांतर करू नये. आदल्या दिवशी प्रत्येक पानाचे मराठी वाक्य सुटून येणाऱ्या चिठ्ठीवर लिहून पानाच्या रिकाम्या भागावर चिकटवावे. परदेशी पुस्तकांत बर्फ, कुरणे, मेंढ्या असतात. त्यांवर फार वेळ घालवू नये. 'बोगदा' या शब्दावर मात्र थांबावे, कारण मुरगाव-वास्को भागातल्या मुलांना ते आधी एका वस्तीचे नाव वाटते.

टप्पा ४ : सरळ ढकलणे, गोल फिरणे (चौथी तासिका)

मुलांना खरे कोडे पडते ते इथे, आणि पुस्तके ते सहसा एका चित्रात उरकतात : दट्ट्या पुढे-मागे सरकतो, मग चाक गोल कसे फिरते?

आधी दोन सिरिंज पाणी भरून नळीने जोडाव्यात. एका मुलाने एक दाबली की दुसऱ्याच्या हातातला दट्ट्या आपोआप बाहेर सरकतो. ढकलणारे पाणी येथे वाफेच्या जागी आहे, हे मुले स्वतः सांगतात. त्यानंतर सायकल उलटी करून सीट व हँडलवर उभी करावी. साखळीच्या झाकणापासून बोटे दूर ठेवण्यास आधीच बजावावे आणि पेडल एका वेळी एकाच मुलाने फिरवावे. सायकल चालवताना गुडघा वर-खाली होतो, पेडल मात्र गोल फिरते. गुडघा म्हणजे दट्ट्या, नडगी म्हणजे जोडदांडा, दट्ट्याचा जोर चाकापर्यंत नेणारा.

आता पेडल बरोबर सर्वांत वर आणून मुलाला ते तळहाताने सरळ खाली दाबायला सांगावे. पेडल हलत नाही. कितीही जोर लावला तरी हलत नाही. मुले चकित होतात. चढावर सायकल सुरू करताना पेडल आधी थोडे पुढे का घेतो, हे त्यांना त्या क्षणी कळते. इंजिनालाही अशी अडण्याची जागा असते. म्हणून त्याच्या डाव्या आणि उजव्या बाजूचे दांडे एकाच स्थितीत बसवत नाहीत. त्यांच्यात पाव फेरीचे अंतर ठेवतात, म्हणजे एक बाजू अडली की दुसरी ढकलत असते. वाफ दट्ट्याला दोन्हीकडून आळीपाळीने ढकलत असल्यामुळे दोन सिलिंडरच्या (दट्ट्या ज्यात सरकतो त्या नळकांड्यांच्या) इंजिनात चाकाच्या एका फेरीला चार 'झुक' ऐकू येतात. फेरी मारत झुकझुक करण्याची वेळ आता आली आहे : एका मुलाने गोल फिरावे आणि बाकीच्यांनी त्याच्या प्रत्येक फेरीला चारच टाळ्या वाजवाव्यात.

तयारीच्या वेळी टिपलेली चित्रातली चूक आता समोर ठेवावी. 'या पानावर काहीतरी बरोबर नाही' एवढेच म्हणावे आणि थांबावे. मुले चित्रकाराच्या आणखी दोन चुका काढतात, त्यांतली एक बहुधा चूक नसते. त्यावर वाद होऊ द्यावा.

वेळ उरल्यास घाटाचा प्रयोग घ्यावा. कुळे ते कॅसलरॉक या दूधसागरच्या घाटात चढ ३७ला १ इतका तीव्र आहे. ३७ सेंटिमीटरच्या फळीचे एक टोक १ सेंटिमीटर उचलावे आणि खेळण्यातली गाडी तिच्यावर ठेवावी. फळी जवळजवळ सपाट दिसते, तरीही गाडी मागे घरंगळते. पोलादी चाकाची पोलादी रुळावर पकड कमी असते, म्हणून एवढाही चढ जड गाडीला भारी पडतो आणि मागून ढकलण्यासाठी जादा इंजिने लावावी लागतात. कुळे-मोले भागातल्या मुलांनी ती इंजिने पाहिलेली असतात. सांगण्याचे काम त्यांच्याकडे द्यावे.

टप्पा ५ : क्रमाची कार्डे आणि मुलांचे पुस्तक (पाचवी तासिका)

पाच कार्डांवर पाच चित्रे मुलांकडूनच काढून घ्यावीत : कोळसा जळतो, पाणी उकळते, वाफ ढकलते, दट्ट्या सरकतो, चाक फिरते. छापील कार्डे विकत आणू नयेत. स्वतः काढताना मूल कुठे अडखळते, हीच आपली परीक्षा असते. कार्डे उलटसुलट करून लावायला सांगण्यापेक्षा मधले एक कार्ड काढून घ्यावे आणि 'आता काय होईल?' असे विचारावे. पाण्याचे कार्ड काढल्यावर 'कोळसा आहे ना, मग चालेल' असे कोणी म्हणाल्यास त्या मुलाला पुन्हा किटलीपाशी न्यावे.

नंतर आठ पानांची घडीची पुस्तिका करून प्रत्येकाने आपली गोष्ट काढावी. शब्दांची सक्ती करू नये. पहिलीच्या मुलांना पानामागे एक शब्द पुरे; चौथीच्या मुलांकडून एक पूर्ण वाक्य घ्यावे. शुद्धलेखनाच्या लाल खुणा या पुस्तिकेवर करू नयेत, त्यासाठी दुसरी वही आहे.

स्थानकाची भेट : घेतल्यास शेवटी

भेट आधी घेतली, तर मुले भेळ आणि सरकता जिना लक्षात ठेवतात. स्थानकप्रमुखांची लेखी परवानगी आणि पालकांची संमती घ्यावी, दर पाच मुलांमागे एक प्रौढ ठेवावा आणि पिवळ्या रेषेपासून चांगले मागे उभे राहावे. मार्गावरच्या तारांत २५,००० व्होल्टची वीज असते. म्हणून छत्री उघडून उंच धरणे, काठीला लावलेला फलक किंवा दोरीचे फुगे नेणे पूर्णपणे टाळावे. मुलांना एकच काम द्यावे : या इंजिनात पुस्तकातल्या इंजिनातले काय काय नाही, त्याची यादी करणे. चिमणी, टेंडर, जोडदांडे अशी यादी होते, आणि कोणीतरी 'मग हे कशाने चालते?' असे विचारते. त्याचे उत्तर त्याच दिवशी देण्याची घाई करू नये.

पुस्तकाची निगा

जूनमध्ये हा उपक्रम घेतल्यास एक गोष्ट विसरू नये. आपल्याकडच्या पावसात गुळगुळीत कागदाची पाने ओल धरतात आणि एकमेकांना चिकटतात. ओढून सोडवली की चित्राचा पापुद्रा निघतो. रोज वापर झाल्यावर पुस्तक उघडे करून पंख्याखाली अर्धा तास उभे ठेवावे, पाने कोरडी झाल्यावरच कपाटात ठेवावे आणि कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावे. किटलीच्या तासिकेला पुस्तक रेघेच्या मागे, मुलांच्या बाजूलाच असावे.